मोठी रायफल, नवा हात

२ नोव्हेंबर २०१८. राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात रात्री अकराच्या सुमारास एक गोळी सुटली आणि टी-वन, म्हणजे लोकांच्या तोंडची अवनी वाघीण, मारली गेली. दोन वर्षांत १३ माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले जात होते. राळेगाव, पांढरकवडा, मारेगाव या पट्ट्यात लोक एकट्याने वावरात जात नव्हते. पऱ्हाटी फुटलेली असताना मजूर मिळत नव्हते आणि रात्रीची जागल तर बंदच पडली होती. वाघिणीला बेशुद्ध करून पकडावे, ते न जमल्यास ठार करावे, या वनविभागाच्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर २०१८ रोजी नकार दिला होता. त्यानंतर हैदराबादचे शिकारी नवाब शफत अली खान मोहिमेत होते. प्रत्यक्ष गोळी झाडली ती त्यांचे चिरंजीव असगर अली खान यांनी, उघड्या जिप्सीतून.

वाघिणीला मारणे बरोबर होते की चूक, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. माझा विषय वेगळा आहे. त्या दिवसांपासून आपल्या भागात रायफलीबद्दलचे कुतूहल फार वाढले. मोबाइलवर परदेशातले नेमबाजीचे व्हिडिओ सहज दिसतात. त्यातली दणकेबाज ‘सेमी-ऑटोमॅटिक मॅग्नम’ पाहून अनेक तरुणांना वाटते की रायफल शिकायची तर हीच. रोही आणि रानडुकरांनी वावर उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्यालाही वाटते, अशी एखादी हाती असती तर! अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले तर तिथल्या दुकानात जाऊन अशी रायफल खरोखर विकत घेऊ शकतात. म्हणून हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा: नव्या नेमबाजाच्या हातात अशी रायफल सुरक्षित आहे का, आणि ती त्याच्या उपयोगाची आहे का?

दोन काडतुसे, एक तळहात

आधी ‘मॅग्नम’ म्हणजे काय ते पाहू. हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘मोठा’. युरोपात दारूच्या नेहमीपेक्षा दुप्पट बाटलीला मॅग्नम म्हणत. तोच शब्द बंदूकवाल्यांनी उचलला. त्याच जाडीच्या गोळीमागे नेहमीपेक्षा जास्त बारूद भरलेले काडतूस, ते मॅग्नम.

एनसीसीत गेलेल्या बहुतेकांनी पॉइंट टू टू म्हणजे .२२ चे काडतूस हाताळलेले असते. त्याची लांबी अडीच सेंटिमीटर, करंगळीच्या एका पेराएवढी. त्याच तळहातावर शेजारी .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमचे काडतूस ठेवून पाहा. हे १९१२ साली इंग्लंडमध्ये निघाले आणि आजही मोठ्या शिकारी रायफलींचे मोजमाप त्याच्यावरून करतात. हे काडतूस ९ सेंटिमीटरहून लांब आहे. तळहाताच्या रुंदीबाहेर त्याचे टोक येते. बुडाशी पितळेचा जाड पट्टा असतो आणि हाताला ते चक्क जड लागते.

आता आकडे बघा. .२२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची. ती सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते आणि नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास असते. .३७५ मॅग्नमची गोळी १९.४ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७७० मीटर, ऊर्जा ५,७०० ज्यूलच्या पुढे. म्हणजे चाळीस पट. या दोन काडतुसांना ‘रायफलची गोळी’ हे एकच नाव असले, तरी त्यांचा अनुभव सायकल आणि मालट्रक यांच्याइतका वेगळा असतो.

खांद्यावर काय येते?

गोळी पुढे जाते तितक्याच जोराने रायफल मागे येते, हे आपण शाळेत गतीच्या नियमांत बंदुकीच्याच उदाहरणाने शिकलो. ४ किलोच्या रायफलीतून .२२ ची गोळी सुटली की रायफल सेकंदाला पाव मीटरच्या आतबाहेर वेगाने मागे येते. खांद्याला ते जेमतेम कळते. त्याच वजनाच्या रायफलीतून .३७५ मॅग्नम सुटली, तर गोळी आणि जळालेल्या बारुदाचा वायू मिळून रायफलीला सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने मागे ढकलतात. ४ किलोचे वजन छातीइतक्या उंचीवरून खाली आदळावे, तसा तो धक्का असतो.

अनुभवी माणूस हा धक्का सोसतो, कारण त्याला दस्ता खांद्याच्या खोबणीत कसा बसवायचा, पाय कसे रोवायचे, शरीर धक्क्याबरोबर कसे जाऊ द्यायचे हे सवयीने ठाऊक असते. नवा माणूस घाबरून रायफल खांद्यापासून थोडी लांब धरतो. मग दस्ता खांद्याला ढकलत नाही, ठोसा मारतो. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ असली तर तिची कड भुवईवर आदळते. भुवई फुटून टाके पडलेले नवखे नेमबाज जगभरातल्या रेंजवर सापडतात.

पण खांद्याची दुखापत आठ दिवसांत बरी होते. खरे नुकसान मनात होते आणि ते लवकर भरून येत नाही. शरीर धक्का लक्षात ठेवते. पुढच्या वेळी चाप दाबण्याच्या क्षणी, गोळी सुटण्याआधीच, डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि बोट चाप हळू दाबण्याऐवजी ओढते. नेमबाजीत यालाच दचकणे म्हणतात. ज्याला हे जडते त्याला ते स्वतःला जाणवतही नाही. तो म्हणतो, ‘रायफलीचा नेमच बरोबर नाही.’

जाणते प्रशिक्षक यावर एक साधी परीक्षा घेतात. नेमबाजाला न सांगता ते चेंबरमध्ये कधी खरे काडतूस भरतात, कधी बारूद नसलेले खोटे. नेमबाज चाप दाबतो. खोटे काडतूस असेल तर फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. धक्का नाही, धूर नाही. तरीही नळीचे टोक चार बोटे खाली झुकलेले सगळ्यांना दिसते. धक्का आलाच नाही, मग रायफल हलली कशाने? माणसाने. ही परीक्षा मॅग्नमवर शिकायला सुरुवात केलेल्यावर घेतली, तर बहुतेक वेळा उत्तर पहिल्याच ‘टक्’ला मिळते.

आवाजाचेही तेच. १४० डेसिबलच्या वरचा एकच स्फोट कानाला कायमची इजा करू शकतो. मॅग्नम रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या पुढे जातो. धक्का कमी करायला नळीच्या तोंडावर जो मझल ब्रेक लावतात, त्याने धक्का खरोखर कमी होतो, पण आवाज बाजूला फेकला जाऊन शेजारी उभ्या असलेल्याच्या कानावर आणखी जोरात आदळतो. अशा रायफलीपाशी कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक, दोन्ही हवेत.

आपोआप भरणारी रायफल

आता ‘सेमी-ऑटोमॅटिक’. याचा अर्थ मशीनगन असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते. फरक नंतरचा आहे. बहुतेक प्रकारांत नळीला एक बारीक भोक असते. गोळी त्याच्या पुढे गेली की मागच्या तप्त वायूचा थोडा भाग त्यातून येऊन दट्ट्या ढकलतो. दट्ट्या बोल्टला मागे नेतो, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि बोल्ट येता येता मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये बसवतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच रायफल पुन्हा तयार असते.

याचे फायदे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. बोल्ट मागेपुढे होण्यात धक्का थोडा लांबतो, म्हणून तो ठोशाऐवजी ढकलल्यासारखा वाटतो. दुसरी गोळी पटकन झाडता येते. ब्राउनिंग कंपनीची बार ही शिकारी रायफल १९६७ पासून बाजारात आहे आणि तिचे .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखे प्रकार अनेक शिकारी समाधानाने वापरतात. नव्या माणसाला दुकानदार हेच सांगतो: ‘ऑटो घ्या, धक्का कमी लागेल.’

अर्धे सत्य इथेच घात करते. धक्का कमी झाला तरी तो मॅग्नमचाच धक्का राहतो. वर तीन नवे धोके येतात.

पहिला, रायफल नेहमी भरलेली असते. बोल्ट ॲक्शनमध्ये गोळी झाडल्यावर माणसाला हाताने बोल्ट उचलून, मागे ओढून, पुढे ढकलावा लागतो. त्या दोन क्षणांत तो भानावर येतो, नळी कुठे आहे ते पाहतो, बोट चापावरून काढतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हा विसावा नाही. नवखा माणूस पहिल्या गोळीच्या आनंदात वळून मागच्या मित्राकडे बघतो आणि वळताना भरलेली नळीही मित्राकडे वळते. चापावरचे बोट अजून तिथेच असते.

दुसरा, नकळत सुटणारी गोळी. रायफल ढिली धरली आणि बोट चापावर घट्ट राहिले, तर धक्क्याने रायफल मागे जाऊन पुढे येताना तोच चाप त्याच बोटावर पुन्हा दाबला जाऊ शकतो. दुसरी गोळी सुटते तेव्हा नळी धक्क्याने वर गेलेली असते. ती गोळी कुठे गेली, हे झाडणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तिसरा धोका रिकामी करतानाचा. हा क्रम नीट लक्षात ठेवावा: आधी मॅगझिन काढायचे, मग बोल्ट मागे ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर टाकायचे, मग चेंबरमध्ये डोळ्याने पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. हाच क्रम उलटा झाला तर काय होते? बोल्ट ओढला, काडतूस बाहेर पडले. बोल्ट पुढे गेला आणि मॅगझिनमधले नवे काडतूस आत बसले. मग मॅगझिन काढले. हातात मॅगझिन आहे, जमिनीवर काडतूस पडले आहे, माणसाची खात्री आहे की रायफल रिकामी झाली. आणि चेंबरमध्ये गोळी आहे. ‘रिकामी समजून’ सुटलेल्या गोळ्यांची गोष्ट पुष्कळदा अशीच असते.

वावराच्या पलीकडे

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोठी आहे. रेंजवर लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असतो. वावरात काय असते? पऱ्हाटीच्या ओळी, तुरीचे पीक, धुऱ्यावरची बाभूळ आणि पलीकडे दुसऱ्याचे वावर. .२२ ची इवलीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत धोकादायक असते. मॅग्नमची गोळी कित्येक किलोमीटर जाते. रात्री बॅटरीच्या झोतात रोह्याचे डोळे चमकले आणि चाप दाबला, तर रोह्याच्या अंगातून आरपार गेलेली किंवा नेम चुकलेली गोळी पुढच्या मचाणावर जागल करणाऱ्या माणसापर्यंत जाऊ शकते. अंधारात तो माणूस दिसतही नाही.

पीक राखणाऱ्याचे दुःख खरे आहे. एका रात्रीत कळपाने एकर-दोन एकर हरभरा आडवा केलेला पाहिला की कोणाचेही रक्त उसळेल. पण त्याचा उपाय जास्त ताकदीच्या रायफलीत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकार बंद आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याबद्दलही कलम ११ प्रमाणे अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वाघासारख्या अनुसूची १ मधल्या प्राण्याचा निर्णय तर फक्त मुख्य वन्यजीव रक्षकच घेऊ शकतात. कुंपण, नुकसानभरपाईचा अर्ज आणि गावाने मिळून केलेली राखण हेच वावराचे मार्ग आहेत.

अवनीच्या प्रकरणात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने बोट ठेवले तेही अशाच गोष्टींवर. गोळी झाडणाऱ्याला त्या मोहिमेत गोळी झाडण्याचा अधिकार नव्हता असे समितीने म्हटले आणि शस्त्र अधिनियम, वन्यजीव कायदा व पशुवैद्यक परिषदेचा कायदा, तिन्हींच्या उल्लंघनाकडे लक्ष वेधले. खान पितापुत्रांचे म्हणणे असे की वाघीण अंगावर आली आणि गोळी स्वसंरक्षणासाठी झाडावी लागली. कोणाचे बरोबर हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. रायफल किती ताकदीची होती हा प्रश्न त्या चौकशीत मोठा ठरला नाही. ती कोणाच्या हातात होती, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या तयारीने, हाच ठरला.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे नव्या माणसासाठी हा प्रश्न कायद्यानेच बराचसा सोडवला आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. त्यात सेमी-ऑटोमॅटिक रायफली सर्वसाधारणपणे पहिल्या, म्हणजे प्रतिबंधित वर्गात येतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक किंवा .३१५ सारखी बोल्ट ॲक्शन रायफल येते. या .३१५ चाही इतिहास आहे. ब्रिटिशांनी लष्कराच्या .३०३ काडतुसाला नागरिकांत बंदी घातली, म्हणून वेगळे बोअर रुजले आणि तेच आजही आपल्या आयुध निर्माणीच्या रायफलीत चालू आहे.

परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याचे सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. लग्नात, मिरवणुकीत हर्षाने केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हवेत झाडलेली गोळी कुठे तरी खाली येतेच, हे कायद्याने ओळखले आहे.

मोठे नेमबाज कुठून सुरू झाले?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच्या हातात .२२ होती, तीच करंगळीच्या पेराएवढी गोळी. या स्पर्धेत प्रत्येक गोळी हाताने एकेक भरावी लागते, आपोआप भरणारी रायफल चालत नाही. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. ५० मीटरवरून त्यात पुन्हा पुन्हा गोळी घालायची, गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, त्याही .२२ वर. अंजली भागवत यांना नेमबाजीची गोडी लागली ती एनसीसीत.

शिकाऱ्यांचेही तेच. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला जिम कॉर्बेट यांनी १९२६ साली मारले ते .२७५ रिग्बीने. मॅग्नमपुढे ती मवाळच रायफल, हाताने बोल्ट ओढायची. तिच्यामागे होती वर्षानुवर्षांची जंगलाची ओळख आणि वाट पाहण्याची तयारी.

एनसीसीच्या फायरिंगला गेलेल्यांना ते दृश्य आठवेल. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून कॅडेट पालथा झोपलेला असतो. उस्ताद ‘भर’ म्हणेपर्यंत काडतुसाला हात लावायचा नाही, ‘फायर’ म्हणेपर्यंत चापाला. पाच राउंड झाले की ‘खाली कर’, आणि बोल्ट उघडा ठेवून उस्ताद स्वतः चेंबर बघतो. मग लक्ष्यावर जाऊन पाचही भोके किती जवळ आली ते मोजायचे, त्याला ग्रुपिंग म्हणायचे. कोणी दहात मारले का हे पहिल्या दिवशी विचारत नाहीत. पाच गोळ्या एकाच जागी येतात का, हे विचारतात. श्वास, चाप, नजर, सारे शिक्षण त्या एका प्रश्नात आहे.

म्हणून शिकण्याची पायरी अशी असावी. आधी १० मीटरवर ४.५ मिलिमीटरची एअर रायफल. मग .२२, तीही शेकडो गोळ्या, ग्रुपिंग आपोआप जमेपर्यंत. मग ज्याला परवाना आणि खरी गरज आहे, त्याने मध्यम ताकदीची बोल्ट ॲक्शन. मॅग्नम त्यानंतर, आणि सेमी-ऑटोमॅटिक मॅग्नम सगळ्यात शेवटी, तेही जिथे कायदा परवानगी देतो तिथेच. परदेशातल्या आपल्या मुलांनाही हेच सांगावे. दुकानात मिळते म्हणून पहिल्याच दिवशी ती घेऊ नका. आधी रेंजवर प्रशिक्षकाजवळ .२२ घेऊन उभे राहा. अशी रायफल पहिल्यांदा चालवायची वेळ आली, तर प्रशिक्षकाला मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायला सांगा. दुसरी गोळी आतच नसेल, तर ती नकळत सुटणारही नाही.

आणि हातात कुठलीही बंदूक असो, चार गोष्टी पाठ असाव्यात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे. जे उद्ध्वस्त करायचे नाही त्याच्याकडे नळी कधीच वळवू नये. नेम धरला जाईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे ओळखल्याशिवाय गोळी झाडू नये. घरात बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात असावीत, आणि किल्ली पोरांच्या हाताला लागू नये.

शाळा-महाविद्यालयांत एनसीसीचे युनिट असेल तर आपल्या मुलामुलींची नावे तिथे घाला. ज्यांना खरोखर नेमबाज व्हायचे आहे, त्यांना जवळच्या मान्यताप्राप्त रेंजवर न्या. सेमी-ऑटोमॅटिक मॅग्नम नव्या हातासाठी नाही. पाच गोळ्या एका जागी घालायला शिकवणारी छोटी .२२ त्या हातासाठी आहे. सुरुवात तिथूनच करा.